पीक फ्लो मीटर आणि स्पेसर : काही महिने रोज वापरल्यानंतर

दमा असलेल्या माणसाला "आज कसं वाटतंय?" असं विचारलं, की तो बहुतेक वेळा "ठीक आहे" म्हणतो आणि ते त्याला खरंच वाटत असतं. श्वासनलिका हळूहळू आवळत गेल्या की माणूस त्याला सरावत जातो. जिना जरा सावकाश चढायचा, बोलताना मध्येच थांबायचं, रात्री एक उशी जास्त घ्यायची, हे सगळं नकळत सुरू होतं. काही जणांना तर श्वासनलिका बऱ्याच आवळल्या तरी धाप फारशी जाणवतच नाही, आणि अशा लोकांना जिवावर बेतणाऱ्या अटॅकचा धोका जास्त असतो. म्हणून आकडा दाखवणारं काहीतरी घरात असावं, या मताची मी झाले आहे. गेले काही महिने मी पीक फ्लो मीटर सकाळ-संध्याकाळ वापरते आहे आणि पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावते आहे. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही साधनं घेतली जातात, चार दिवस वापरली जातात आणि मग कपाटात जातात, असं मी फार पाहिलं आहे.

आधी मीटर. प्लास्टिकची एक नळी, तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि एक सरकता काटा. ना बॅटरी, ना स्क्रीन. तोंडात धरून जोरात फुंकलं की आतला दट्ट्या स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलला जातो आणि काट्याला पुढे नेतो. दट्ट्या मागे येतो, पण काटा जिथवर गेला तिथेच थांबतो. तो आकडा म्हणजे तुमची हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडली, मिनिटाला किती लिटर या हिशेबाने. हे मोजमाप रुळलं ते ब्रिटिश संशोधक मार्टिन राइट यांच्यामुळे. त्यांनी आणि मॅकेरो यांनी १९५९ मध्ये आपल्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. ते उपकरण दवाखान्यात ठेवण्यासारखं मोठं होतं. पुढे सत्तरच्या दशकात त्याची छोटी आवृत्ती आली आणि मग रुग्णाला घरी मोजता येऊ लागलं.

फुंकायची पद्धत सोपी वाटते, पण आकडा चुकतो तो इथेच. काटा शून्यावर आणायचा. उभं राहायचं किंवा ताठ बसायचं, पण रोज एकाच पद्धतीने. छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे, जीभ भोकाच्या आड येऊ द्यायची नाही, आणि एकाच दमात, जमेल तितक्या जोराने फुंकायचं. फुंकर लांबवण्याची गरज नसते, कारण सर्वांत जास्त वेग अगदी सुरुवातीच्या क्षणातच गाठला जातो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे दवाखान्यातल्या श्वासाच्या सविस्तर तपासणीत, तंत्रज्ञ "अजून, अजून, सोडत राहा" म्हणत असतात, तसं इथे नाही. असं तीनदा फुंकायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. बोट काट्याच्या वाटेत येत नाही ना, तेही बघायचं. गाल फुगवून थुंकल्यासारखी फुंकर मारली तर काटा खोटाच वर जातो. मुलं हे हमखास करतात, कारण त्यांना आकडा वाढवायचा असतो.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. वय, उंची, पुरुष की स्त्री, यांवरून अपेक्षित आकड्यांचे तक्ते मिळतात, पण रोजच्या वापरात त्या तक्त्यांपेक्षा स्वतःचा सर्वोत्तम आकडा महत्त्वाचा. दमा चांगला आटोक्यात असताना साधारण दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि त्यात जो सर्वांत मोठा येईल तो तुमचा. माझा ४८० आला. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३८४, आणि ५० टक्के म्हणजे २४०. ३८४ च्या वर हिरवा पट्टा, २४० ते ३८४ पिवळा, २४० च्या खाली लाल. मी मीटरवरच रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे अर्धवट झोपेत हिशेब करत बसावं लागत नाही. माझ्याच उंचीच्या एका मैत्रिणीचा सर्वोत्तम आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आहे आणि तिचा दमा माझ्याइतकाच आटोक्यात आहे. आकडे एकमेकींशी ताडून पाहण्यात काही हशील नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते. जुन्या मीटरवर राइट पट्टी असायची. २००४ च्या सुमारास युरोपात प्रमाण बदललं आणि नव्या मीटरवर वेगळी पट्टी आली. जुनी पट्टी मधल्या टप्प्यात आकडा फुगवून दाखवायची. त्यामुळे घरात पडलेलं जुनं मीटर आणि नवं मीटर यांचे आकडे एकाच वहीत लिहू नयेत. खरं तर दोन वेगळ्या कंपन्यांची नवी मीटरंसुद्धा आलटून पालटून वापरू नयेत. एकच धरावं आणि तपासणीला जाताना तेच सोबत न्यावं.

आता अनुभव. पहिले काही आठवडे कंटाळवाणे गेले. मात्र वही भरत गेली तशी सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातली दरी दिसू लागली. सकाळी ४००, संध्याकाळी ४६०. मला दोन्ही वेळेला सारखंच बरं वाटत होतं. डॉक्टरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी लगेच त्या दरीवर बोट ठेवलं. दिवसातल्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, आलेल्या फरकाला त्या दोघांच्या सरासरीने भागायचं. माझ्या बाबतीत ६० भागिले ४३०, म्हणजे जवळपास १४ टक्के. एक-दोन आठवड्यांची अशी सरासरी मोठ्या माणसांत १० टक्क्यांच्या वर आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर राहिली, तर चढउतार जास्त आहे असं धरतात. निरोगी माणसाच्याही श्वासनलिका पहाटे थोड्या अरुंद असतात, पण दम्यात तो फरक वाढतो. पहाटे खोकल्याची उबळ येऊन जाग येते ती याच वेळेला. मी त्या जागेपणाला कोरड्या हवेचा त्रास समजत होते. वही पाहून डॉक्टरांनी कंट्रोलरचा, म्हणजे दमा आटोक्यात ठेवण्यासाठी रोज घ्यायच्या पंपाचा, डोस आणि वेळ दोन्ही बदलले. दरी हळूहळू बुजली आणि पहाटेची झोप परत मिळाली. केवळ तोंडी सांगितलं असतं तर "अधूनमधून खोकला येतो" एवढंच सांगून मी उठले असते.

मीटरचं खरं मोल कळलं ते सर्दीत. सर्दीच्या विषाणूंनी दमा उसळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नाक वाहायला लागल्यावर छातीपर्यंत गोष्ट कधी पोचली हे ठरवणं अवघड असतं. नाक चोंदलं होतं, डोकं जड होतं, छातीत घरघर नव्हती, धाप नव्हती. सकाळचा आकडा मात्र ४४० वरून ४१० वर, मग ३५० वर आला. ३५० म्हणजे माझ्या सर्वोत्तमच्या ७३ टक्के, पिवळा पट्टा. कोणत्या पट्ट्यात काय करायचं याच्या डॉक्टरांनी दिलेल्या लेखी आराखड्यात पिवळ्यासाठी जे लिहून दिलं होतं ते मी त्याच सकाळी सुरू केलं आणि डॉक्टरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी छाती आवळल्यासारखी झाली, पण तोवर औषधाला एक दिवस मिळालेला होता. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांपर्यंत वेळ गेली नाही. बरं वाटू लागल्यावरही आकडा जागेवर यायला आणखी बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी धावणं बंद ठेवलं, कारण वही सांगत होती की अजून नाही.

हे सगळ्यांच्या बाबतीत असंच घडेल असा माझा दावा नाही. ज्यांना लक्षणं लवकर आणि नेमकी जाणवतात त्यांना लक्षणांवर आधारलेला लेखी आराखडाही चांगलं काम देतो. मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही पद्धती मान्य आहेत. ज्याला कमी जाणवतं, ज्याला आधी गंभीर अटॅक येऊन गेला आहे, ज्याचा दमा अचानक बिघडतो, त्याने मात्र आकडा धरावा, असं मला मनापासून वाटतं.

लेखी आराखड्यावर मी वारंवार येते आहे, कारण त्याच्याशिवाय मीटर म्हणजे नुसता आकडा. काटा पिवळ्यात गेला, बरं, मग काय करायचं? कोणता पंप, किती पफ, किती वेळाने पुन्हा मोजायचं, कधी फोन करायचा, कधी थेट हॉस्पिटल गाठायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी कागदावर लिहून दिलेलं हवं. श्वास अडकला असताना माणसाचं डोकं चालत नाही. माझा कागद फ्रिजवर आहे आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, रिलीव्हरने, म्हणजे झटपट आराम देणाऱ्या पंपाने, उतार पडत नसेल किंवा पडलेला उतार थोड्याच वेळात ओसरत असेल, तर मोजत बसायचं नाही, लगेच मदत मागायची. जोरात फुंकण्यानेही अशा वेळी खोकला आणि धाप वाढते.

आता पंप. पंपाबद्दल घराघरांत दोन समज घट्ट बसले आहेत. पहिला, पंपाची सवय लागते. दुसरा, निळा पंप, म्हणजे रिलीव्हर, हाच उपचार. रिलीव्हर श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो आणि काही मिनिटांत बरं वाटतं. आतलं अस्तर सुजलेलं असतं, त्यावर कफ साचलेला असतो, त्याला तो हात लावत नाही. सूज उतरवण्याचं काम श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचं, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे जातात. म्हणूनच ज्याने लगेच आराम मिळतो ते औषध लोकांना खरं वाटतं आणि ज्याने दमा आटोक्यात राहतो ते थांबवलं जातं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'गिना' या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलांचा दमा फक्त झटपट आराम देणाऱ्या रिलीव्हरवर ठेवू नये, सोबत श्वासावाटे स्टेरॉइड हवंच. वर्षाला २०० पफच्या तीन किंवा अधिक डब्या रिलीव्हर लागत असेल तर गंभीर अटॅकचा धोका वाढलेला असतो. तुमची डबी किती दिवसांत संपते ते एकदा बघाच. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. वारंवार अटॅक येऊन वारंवार गोळ्या घ्याव्या लागणं हेच शरीराला जास्त महागात पडतं.

स्पेसर मी सुरुवातीला केवळ सांगितलं म्हणून घेतला. आज तो नसेल तर मी कंट्रोलर घेतच नाही. पंपातून फवारा इतक्या वेगाने सुटतो की त्यातला बराच भाग घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहतो. दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ चुकला तर फुप्फुसात आणखीच कमी जातं. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब नळीतच राहतात आणि बारीक कण सावकाश आत ओढता येतात. माझा घसा बसायचा, आवाज घोगरा व्हायचा, तो त्रास स्पेसरनंतर बराच कमी झाला. पफनंतर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं मात्र तरीही सोडलेलं नाही, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

घेण्याची रीत अशी. पंप हलवायचा, स्पेसरला जोडायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक पफ दाबायचा, सावकाश आणि खोल ओढायचा, जमेल तर दहा सेकंद रोखायचा. पुढचा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये मारले तर औषध वाया जातं. काही स्पेसरमध्ये जोरात ओढलं की शिट्टी वाजते. शिट्टी म्हणजे घाई होते आहे, याचा अर्थ औषध नीट गेलं असा नव्हे. पावडरवाल्या इन्हेलरचं उलट असतं. तिथे सुरुवातीपासूनच झटकन आणि जोरात ओढावं लागतं, आणि तिथे स्पेसर लागत नाही. दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांनी हा फरक डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावा. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांचीही पद्धत चुकलेली निघते.

स्पेसरची निगा सांभाळायची. प्लास्टिकमध्ये स्थिर वीज साचते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. नवा स्पेसर आधी, आणि नंतर साधारण महिन्यातून एकदा, भांडी घासायच्या सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसायचा नाही, पुसलं की वीज पुन्हा साचते. हे मला पत्रकात वाचूनही पटलं नव्हतं, पण पुसलेल्या नळीत पांढुरका थर राहतो आणि न पुसलेलीत कमी राहतो, हे डोळ्यांनी दिसतं.

पंप संपला की नाही हे ओळखण्यासाठी काही जण डबी पाण्यात टाकून तरंगते का बघतात, काही जण कानाजवळ हलवतात. दोन्हींचा भरवसा नाही. औषध संपल्यावरही आतला वायू उरतो, फवारा सुटतो, आवाज तोच येतो, आणि आत काहीच जात नाही. डोस मोजणारा काउंटर असलेला पंपच घ्यावा. नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून रोजच्या पफवरून हिशेब ठेवावा.

मीटरमध्ये काय आवडलं नाही तेही सांगते. आकडा पूर्णपणे तुमच्या जोरावर अवलंबून असतो. थकलेल्या दिवशी किंवा बरगडी दुखत असताना तो कमी येतो आणि उगाच काळजी लागते. मोठ्या श्वासनलिकांचं त्याला चांगलं कळतं, लहान लहान फांद्यांचं फारसं नाही. त्यामुळे दम्याची नीट तपासणी म्हणजे स्पायरोमेट्रीच. तिची जागा हे घेऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर नोंदी आपोआप ठेवतात आणि त्यांतली काही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवाही मोजतात. ज्यांना वही जमत नाही त्यांच्यासाठी ते ठीक.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात आहे, मग मीटर कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. दम्यात रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो, कारण शरीर जास्त मेहनत करून तो टिकवत असतं. ऑक्सिमीटरवर ९७ दिसत असतानाही माणूस अर्ध्या ताकदीने श्वास सोडत असू शकतो. ऑक्सिमीटरवर आकडा घसरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे दम्याच्या अटॅकमध्ये "ऑक्सिजन चांगला आहे" या एका गोष्टीवर घरी बसून राहू नये.

माझ्या काकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, आहे. त्यांनीही हौसेने मीटर घेतलं आणि काही आठवड्यांत ठेवून दिलं. त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं. सीओपीडीत अडथळा बराचसा कायमचा असतो. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही, पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचं गुणोत्तर ०.७० च्या खालीच राहतं. काटा दम्यासारखा हलत नाही, त्यामुळे रोज मोजून नवं काही हाती लागत नाही. काकांना खरा आधार मिळाला तो फुप्फुस पुनर्वसनाच्या वर्गाचा. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून साधारण दुप्पट वेळ लावत सोडायचा. थकवा आला की पुढे वाकून हात मांडीवर टेकायचे. आणि दर काही दिवसांनी सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजायचं. "तुझं मोजमाप फुंकरीत आहे, माझं पावलांत," असं ते मला म्हणाले. त्यांच्या पावलांची वही माझ्या वहीपेक्षा जास्त नेटकी आहे, आणि ती बघताना मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

लहान मुलांसाठी मीटर घेणाऱ्यांना एवढंच सांगते, की साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना ही फुंकर नीट जमत नाही, आणि त्यापुढच्या मुलांसाठी कमी आकड्यांची पट्टी असलेलं मीटर घ्यावं. मूल उंच होत जातं तसा सर्वोत्तम आकडाही वाढतो, तो अधूनमधून नव्याने ठरवावा लागतो. रात्री किती वेळा जाग आली, खेळताना थांबावं लागलं का, हे विचारणं मुलांच्या बाबतीत आकड्याइतकंच महत्त्वाचं.

वर्षभर रोज दोनदा मोजलंच पाहिजे असं नाही. सतत मोजण्याची गरज प्रामुख्याने गंभीर दमा असलेल्यांना किंवा कमी जाणवणाऱ्यांना असते. बाकीच्यांनी औषध बदलताना, सर्दी झाल्यावर, किंवा एखाद्या गोष्टीने त्रास होतो का हे शोधताना मोजलं तरी पुरतं. मोल्ड (ओलीवरची बुरशी), धूळ, धूर, थंड हवा, एखादा तीव्र वास, ज्याचा संशय असेल त्या काळातले आकडे वहीत वेगळ्या शाईने लिहावेत. माझ्या बाबतीत भिंतीवरच्या ओलीचा संशय अशा वहीमुळेच पक्का झाला आणि ती खोली मी झोपायला वापरणं सोडलं.

आता दमा सलग तीन महिने आटोक्यात राहिला आहे, म्हणून डॉक्टर कंट्रोलरचा डोस एक पायरी कमी करून बघणार आहेत. त्या काळात मी पुन्हा सकाळ-संध्याकाळ फुंकणार आहे, आणि आकडा ३८४ च्या खाली गेला किंवा सकाळ-संध्याकाळची दरी पुन्हा रुंदावली तर जुन्या डोसवर यायचं, हे त्यांनी कागदावर आधीच लिहून दिलं आहे.